कथलाची संगत

आपल्या घरांतून धातूंची कामे पूर्वापार वाटून दिलेली असत. सोने अंगावर, रुपे देवघरात, तांबे पूजेच्या पाण्याला, पितळ स्वयंपाकाला, कासे ताटवाटीला आणि लोखंड तव्याला व विळीला, अशी ती व्यवस्था होती. स्टेनलेस स्टीलने ती पुष्कळ विसकटून टाकली, तरी जुन्या घरांच्या माळ्यावर तिच्या खुणा अद्याप सापडतात. या धातुमंडळात कथलाचे नाव मात्र कोणी घेत नाही. कथील आपल्या घरात नव्हते असे नाही. पितळी पातेल्याच्या आत कल्हईच्या रूपाने ते होते. काशाच्या वाटीत सुमारे पाचवा हिस्सा कथलाचाच होता. परंतु थोरामोठ्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या गरीब नातलगाप्रमाणे ते नेहमी पडद्याआड राहिले. कथलाच्या ताटात वाढून घेऊन पंगतीस बसण्याचा प्रसंग आपल्याकडे सहसा आला नाही.

युरोपात, आणि विशेषेकरून इंग्लंडात, हा प्रसंग चांगली चारशे वर्षे रोज येत होता. ज्या कुटुंबाला रुप्याची ऐपत नाही, पण लाकडी थाळीत जेवणे ज्याला कमीपणाचे वाटू लागले आहे, अशा खाऊनपिऊन सुखी कुटुंबाचे ताट, वाटी, पेला, मिठाचे भांडे आणि मेणबत्तीचे घर ही सारी एका रुपेरी, किंचित निळसर झाकेच्या धातूची असत. त्या धातूचे नाव प्यूटर. आज जेवणाच्या मेजावरून तो बव्हंशी उठला आहे. तथापि शोभेच्या वस्तू, स्पर्धांतील चषक, चहाचे डबे व भेटवस्तू यांच्या रूपाने तो अजून नांदत आहे, आणि मलेशियाच्या सहलीहून परतणाऱ्या मंडळींच्या सामानातून आपल्याही घरी येऊ लागला आहे. म्हणून त्याची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

प्यूटर म्हणजे असा मिश्रधातू की ज्यात कथील हा यजमान आणि बाकीचे धातू पाहुणे. चांगल्या प्यूटरात कथील शेकडा ९० भागांहून अधिक असते. उरलेल्या भागात तांबे, अँटिमनी, कधी बिस्मथ, आणि जुन्या काळी शिसे. हे शेवटचे नाव वाचताच सुज्ञ गृहिणी सावध होतील, आणि त्यांनी व्हावेच. कारण प्यूटरचा सारा इतिहास म्हणजे कथलाला कोणाची संगत लाभली याचा इतिहास आहे. ही संगत डोळ्यांना दिसत नाही. शिसे घातलेले भांडे आणि न घातलेले भांडे नवेपणी सारखेच झळकते. तेव्हा जे दिसत नाही त्याची खात्री जेवणाऱ्याला कोणी द्यावी आणि कशी द्यावी, या प्रश्नाचे उत्तर लोकांनी वेळोवेळी कसे शोधले, तेच या लेखात सांगावयाचे आहे.

नावे आणि गुणधर्म

प्रथम कथलाची चौकशी करू. संस्कृतात त्याला त्रपु, वंग व कस्तीर अशी नावे आहेत. आपल्यापैकी अनेकांच्या घरी रुद्राची आवर्तने होतात. त्यांतील चमकाच्या पाचव्या अनुवाकात यजमान ज्या वस्तू मागतो त्यांत शिसे आणि त्रपु ही नावे लागोपाठ येतात. म्हणजे हे दोन धातू भिन्न आहेत हे वैदिक काळी ठाऊक होते आणि ते शेजारी शेजारी उच्चारले जात, एवढे तरी निश्चित. कस्तीर या शब्दाचे नाते विद्वान ग्रीक 'कास्सितेरोस' या शब्दाशी जोडतात, आणि आपले 'कथील' त्याच कुळातले. 'कल्हई' हा शब्द मात्र अरबीतून आला. मलाया द्वीपकल्पावरील कलाह नावाच्या बंदराचा उल्लेख अरब प्रवाशांनी केला आहे. तिकडून येणारे कथील ते 'कलई', असे त्या शब्दाचे मूळ सांगतात. आपल्या माजघरातील दोन साधे शब्द, पण एकाची पाळेमुळे पश्चिमेस ग्रीसपर्यंत आणि दुसऱ्याची पूर्वेस मलायापर्यंत पोचलेली आहेत.

रसशास्त्राच्या ग्रंथकारांनी वंगाचे दोन प्रकार सांगितले आहेत: खुरक आणि मिश्रक. खुरक म्हणजे शुभ्र, मऊ, लवकर वितळणारे उत्तम वंग. मिश्रक म्हणजे काळसर झाकेचे, हिणकस. औषधाला खुरकच घ्यावे असा त्यांचा दंडक आहे. 'रसरत्नसमुच्चया'त नाग म्हणजे शिसे व वंग म्हणजे कथील या दोघांना मिळून पूतिलोह, म्हणजे दुर्गंधी धातू, अशी एकच संज्ञा दिलेली आढळते. दोघेही मऊ, दोघेही थोड्या आचेवर वितळणारे. तेव्हा एका वर्गात बसविले हे स्वाभाविकच. पण खुरक आणि मिश्रक हा भेद ज्यांनी केला, त्यांना या वर्गातला धोका कळला होता यात संशय नाही.

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. तांब्याला १०८५ अंश उष्णता लागते, हे लक्षात घेतले म्हणजे कथलाचे काम किती सुलभ ते कळेल. साध्या कोळशाच्या शेगडीवर त्याचा रस होतो. हवेने ते गंजत नाही, रुप्यासारखे काळे पडत नाही, ताक किंवा चिंच यांनी पितळाप्रमाणे कळकत नाही. त्याची सळई कानाशी धरून वाकविली तर आतून करकर असा बारीक आवाज येतो. धातूचे स्फटिक आपली जागा सोडू लागल्यामुळे तो येतो. पाश्चात्य लोक याला कथलाचे रडणे म्हणतात. इतके गुण असून त्यात एक उणीव आहे: निव्वळ कथील फार मऊ. त्याचे पातळ ताट केले तर ते सुरीने चरे पडून आणि हाताच्या दाबाने वाकून लवकरच निकामी होईल. म्हणून त्याला कठीणपणा देणारा सोबती हवा.

तांब्याचा एक-दोन टक्के अंश घातला की कथील बरेच घट्ट होते. अँटिमनी घातली की आणखी घट्ट होते. या दोहोंत दोष एवढाच की त्यांना वितळविणे शिशाइतके सोपे नव्हे. उलट शिसे ३२७ अंशाला वितळते, कथलाच्या रसात सहज विरघळते, साच्याच्या कानाकोपऱ्यांत रस खेळवते, आणि मुख्य म्हणजे कथलापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. गवळ्याला दुधात पाणी घालण्याचा जसा मोह, तसा कारागिराला कथलात शिसे घालण्याचा मोह. हा मोह कोणत्याही एका देशाचा नाही.

लंडनची श्रेणी

प्यूटरचा जन्म नेमका कोठे झाला हे बाजूस ठेवू. मिसर देशात अबायडॉस येथील थडग्यात कथलाची एक लहान कुपी मिळाली. ती सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची असून ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास कॉर्नवॉल नावाचा परगणा आहे. तेथील कथलाच्या खाणी प्राचीन काळापासून प्रसिद्ध. रोमन लोकांच्या अमदानीत, इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकांत, ब्रिटनमध्ये प्यूटरची ताटे दगडी साच्यांतून ओतली जात. पुढे रोमन गेले आणि कला मागे पडली. परंतु खाणी तेथेच होत्या. मध्ययुगात ती कला पुन्हा वर आली.

इ. स. १३४८ साली लंडनच्या प्यूटर कारागिरांनी आपल्या धंद्याचे नियम नगरपालांकडून मंजूर करून घेतले. आपल्याकडे प्राचीन काळी ज्यांना श्रेणी म्हणत, तशीच ही कारागिरांची श्रेणी. त्या नियमांत मालाचे दोन वर्ग ठरविले होते. ताटे, परात, चौकोनी मीठदाण्या वगैरे वस्तू उत्तम धातूच्या असाव्यात. त्यात कथील आणि कथलाला स्वभावतः मानवेल तेवढेच तांबे. गोल घडे, गोल झाऱ्या, मेणबत्तीची घरे यांना मात्र कथलात ठरीव प्रमाणात शिसे मिसळण्याची मोकळीक होती. आजच्या ज्ञानाने पाहता येथे एक विपरीत गोष्ट दिसते. ज्यात आंबट पेय तासन्‌तास राहावयाचे त्या घड्याला शिशाची परवानगी, आणि ज्यावर भाकरी-मांस घटकाभर वाढावयाचे त्या ताटाला शुद्ध धातू! त्या काळच्या कारागिरांना शिशाच्या विषाची चिंता नव्हती. भेसळ करून गिऱ्हाइकाला नाडू नये एवढीच त्यांची दृष्टी होती. तथापि तीही थोडी नव्हे.

१४७३-७४ साली चौथ्या एडवर्ड राजाने या श्रेणीस सनद दिली आणि देशभर दुकाने तपासण्याचा अधिकार दिला. श्रेणीचे तपासनीस गावोगाव जात, हिणकस माल सापडला तर जप्त करीत व दंड घेत. तपासण्याची रीत मोठी सोपी आणि शास्त्रशुद्ध होती. वाचकांच्या घरी शाळेत जाणारी मुले असतील तर त्यांनी तिचे गणित मुलांकडून अवश्य करवून घ्यावे.

कथील पाण्याच्या सुमारे ७.३ पट जड आहे. शिसे सुमारे ११.३ पट. एका लहान साच्यात निव्वळ कथलाचा गोळा ओतला आणि त्याचे वजन १०० तोळे भरले असे धरू. आता त्याच साच्यात चार भाग कथील आणि एक भाग शिसे असा रस ओतला, तर तेवढ्याच आकाराचा गोळा सुमारे १०८ तोळे भरेल. साचा तोच, आकार तोच. मग आठ तोळे आले कोठून, याचे उत्तर दुकानदाराला द्यावे लागे. तांबे व अँटिमनी यांच्या थोड्या अंशाने वजनात असा ठळक फरक पडत नाही. म्हणजे जी संगत डोळ्यांना दिसत नाही ती तराजूला दिसते.

परंतु तपासनीस सर्वत्र आणि सर्वकाळ कसा असणार? म्हणून दुसरी योजना झाली. १५०३ सालच्या कायद्याने प्रत्येक कारागिराने आपल्या मालावर आपली खूण ठोकणे आवश्यक केले. या खुणा श्रेणीच्या सभागृहात प्यूटरच्याच एका पत्र्यावर ठोकून ठेवीत. एखादे भांडे हिणकस ठरले की त्याच्या तळाची खूण पत्र्याशी ताडून पाहावी आणि करणाऱ्याला धरावे. १६६६ साली लंडनास मोठी आग लागली, तीत श्रेणीचे सभागृह जळाले आणि ते जुने पत्रेही गेले. १६६८ पासून नवे पत्रे सुरू झाले. ते पाच पत्रे आजही जपून ठेवलेले आहेत आणि जुन्या भांड्यांचा कर्ता शोधणारे अभ्यासक त्यांचाच आधार घेतात.

या काळात प्यूटर हे घरचे एक धनच होते. बारा परातवजा ताटे, बारा वाडगे आणि बारा बशा मिळून एक संच मानीत, आणि मेजवानीपुरता तो भाड्यानेही मिळे. ताट चरे पडून झिजले की मोडीत द्यावे आणि वजनावर नवे घ्यावे. जुना धातू पुन्हा ओतला जाई. आपल्याकडे मोडीची तांबी-पितळी भांडी देऊन नवी घेतात, त्याच जातीचा हा व्यवहार. यामुळेच त्या चारशे वर्षांत घडलेल्या असंख्य ताटांपैकी फार थोडी आज शिल्लक आहेत. पुढे अठराव्या शतकात चिनी मातीची व तिच्या धर्तीवर इंग्लंडात होऊ लागलेली भाजक्या मातीची भांडी स्वस्त झाली, ती दिसावयास सुबक व धुवावयास सोपी. त्यांनी प्यूटरला मेजावरून हळूहळू हुसकून लावले.

शिशाचे विष

शिसे अंगात गेल्याने काय होते, हे आता थोडक्यात सांगितले पाहिजे. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात सफरचंदाची आंबट दारू पिणाऱ्या लोकांना असह्य पोटशूळ उठे, हातपाय लुळे पडत. ही व्याधी कशाची, हे पुष्कळ काळ कळेना. १७६७ साली जॉर्ज बेकर नावाच्या वैद्याने असे दाखवून दिले की, सफरचंदे पिळण्याच्या यंत्रांत शिसे वापरलेले असते आणि आंबट रसाने ते विरघळून दारूत उतरते. तेथे प्यूटरचा दोष नव्हता. परंतु नियम तोच. आंबट पदार्थ आणि शिसे यांची गाठ पडली की शिसे पदार्थात उतरते आणि जिभेला त्याचा पत्ता लागत नाही. शिशाचा क्षार गोडसर लागतो, त्यामुळे तर फसगत अधिकच.

जागतिक आरोग्य संघटनेचे आज असे स्पष्ट मत आहे की, शिशाची अमुक एवढी मात्रा निर्धोक असे म्हणता येत नाही. ते हाडांत व दातांत साठून राहते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढा अंश शरीरात शोषला जातो, त्याच्या चौपट-पाचपट अंश लहान मुलांच्या शरीरात शोषला जातो, आणि त्याचा मुख्य आघात त्यांच्या वाढत्या मेंदूवर होतो. मुलाचे पाठांतर होत नाही, चित्त ठरत नाही, तेव्हा आपण मुलाला बोल लावतो; प्रत्येक वेळी कारण शिसे असते असे मुळीच नव्हे, पण असल्या कारणाला घरात वावच राहू नये, एवढी काळजी आपल्या हाती आहे.

चांगल्या संगतीचा लाभ

शिशावाचून कथील घट्ट आणि चमकदार करण्याची युक्ती इंग्लंडातच चांगली रुजली. सुमारे १७६९-७० साली शेफील्ड शहरात जेम्स व्हिकर्स नावाचा कारागीर एका नव्या शुभ्र धातूची भांडी करू लागला. पुढे हा धातू 'ब्रिटानिया मेटल' या नावाने प्रसिद्ध झाला. त्यात साधारणपणे ९२ भाग कथील, ६ भाग अँटिमनी आणि २ भाग तांबे असते, शिसे नाही. हा धातू इतका चिवट निघाला की तो केवळ साच्यात ओतण्याची गरज उरली नाही; रुळांखाली दाबून त्याचा पत्रा काढता येई, आणि तो पत्रा चरकावर फिरवीत लाकडी ठोकळ्यावर दाबला की किटलीचे पोट तयार होई. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या मध्यम स्थितीतील घरांत चहाची जी किटली असे ती पुष्कळदा याच धातूची. १८४० नंतर विजेच्या साहाय्याने मुलामा चढविण्याची कला निघाली, तेव्हा ब्रिटानियावर रुप्याचा मुलामा देऊन भांडी विकली जाऊ लागली. अमेरिकेत चित्रपटांसाठी 'ऑस्कर' नावाचे जे पारितोषिक देतात, त्याची सोनेरी मूर्ती कित्येक वर्षे या ब्रिटानिया धातूवर सोन्याचा मुलामा देऊन करीत. २०१६ सालापासून ती पुन्हा ब्राँझमध्ये ओतली जाऊ लागली.

अँटिमनीविषयी एक गोष्ट येथेच सांगावी. तिच्या गंधकयुक्त खनिजाला सुरमा म्हणत आले आहेत. परंतु बाजारात डोळ्यांत घालावयाचा म्हणून जो सुरमा मिळतो तो पुष्कळदा शिशाचे गंधकयुक्त खनिज असतो. दोन्ही काळे, दोन्ही चकचकीत. कथलाच्या बाबतीत जी फसगत ताटात होते, तीच येथे मुलांच्या डोळ्यांत होते.

आता मलायाकडे वळू. ज्या द्वीपकल्पाने आपल्याला 'कल्हई' हा शब्द दिला, तेथे एकोणिसाव्या शतकात कथलाच्या खाणींची एकच धांदल उडाली, आणि पुढे दीर्घ काळ मलाया हा कथील पुरविणाऱ्या देशांत अग्रेसर राहिला. खाणींवर मजुरीसाठी चीनमधून हजारो लोक आले. त्यांच्यामागून १८८५ साली योंग कून नावाचा एक चिनी कारागीर स्वातौ बंदराहून कुआलालंपुरास आला. त्याने प्रथम जी भांडी घडविली ती देवपूजेची व पितरांच्या पूजेची होती: उदबत्तीची घरे, धूपपात्रे, मेणबत्त्यांच्या बैठका. आपल्याकडे जसे समई-निरांजनावाचून तांबटाचे दुकान पुरे होत नाही, तसेच ते. नंतर इंग्रज अधिकारी व मळेवाले गिऱ्हाईक म्हणून येऊ लागले आणि त्याच कारागिरांच्या हातून बिअरचे पेले, रक्षापात्रे व चहाचे संच उतरू लागले. त्या लहान दुकानाचा वाढत वाढत 'रॉयल सेलांगोर' हा कारखाना झाला. 'रॉयल' हे उपपद १९७९ साली सेलांगोरच्या सुलतानाने दिलेल्या राजमान्यतेचे. १९८५ च्या ऑक्टोबरात जगाच्या बाजारात कथलाचा भाव कोसळला, मलेशियातील खाणी पटापट बंद पडल्या. परंतु खाणीच्या आश्रयाने जन्मलेली कला खाणी गेल्यावरही टिकली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. कच्चा माल गेला तरी हातातले कसब गेले नाही.

त्या कारखान्याची एक आख्यायिका सांगतात. दुसऱ्या महायुद्धात अन्न शोधण्यासाठी एक मनुष्य एका वखारीत शिरला. जमिनीवर पडलेली खरबुजाच्या आकाराची प्यूटरची किटली उचलण्यासाठी तो वाकला, आणि तेवढ्यात एक गोळी त्याच्या डोक्यावरून निघून गेली. ती 'भाग्यवान किटली' आजही दाखवितात.

दक्षिणेतील रसमपात्र

निव्वळ कथलाचे भांडे पाहावयास मलायापर्यंत जावयास पाहिजे असे नाही. तमिळ प्रांतात 'ईय चोंबु' नावाचा तांब्याच्या घाटाचा गडू असतो. तो जवळजवळ निव्वळ कथलाचा. त्यात केलेल्या रसमाला निराळीच चव येते असे तिकडील गृहिणी मानतात. तंजावरास ज्यांचे आप्त आहेत अशा मराठी कुटुंबांनी हे पात्र तेथील स्वयंपाकघरात पाहिले असेल. ते वापरण्याची एक शिस्त आहे: आधी पात्रात पाणी किंवा चिंचेचा कोळ घालावा, मगच ते मंद आचेवर ठेवावे. रिकामे पात्र आचेवर ठेवले तर डोळ्यांदेखत खाली बसते. आत पाणी असेपर्यंत पात्राची उष्णता १०० अंशांच्या फारशी वर जात नाही. पाणी आटले की २३२ अंश गाठावयास वेळ लागत नाही. नव्या सुनेची परीक्षाच ती!

पण या पात्राचे नावच सावध करणारे आहे. तमिळ भाषेत 'ईयम' हा शब्द कथील व शिसे या दोहोंना मिळून चालतो. पांढरे ईयम म्हणजे कथील आणि काळे ईयम म्हणजे शिसे. आपल्या रसशास्त्रज्ञांनी दोघांना एका वर्गात बसविले, तमिळ बोलीने दोघांना एका नावाखाली घातले. अशा वेळी 'हे ईयाचे आहे' या दुकानदाराच्या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. चिंचेचे आंबट, उकळते रसम ज्यात रोज शिजावयाचे ते पात्र पांढऱ्या ईयाचे की काळ्या मिसळीचे, हे विचारल्यावाचून ते घरात आणू नये.

घरात काय करावे

आता व्यवहाराची चार वाक्ये.

पहिली गोष्ट कल्हईची. पितळी-तांब्याची भांडी पुन्हा वापरण्याची हौस अलीकडे वाढली आहे. ही हौस चांगली. मात्र भांड्याला कल्हई कोणत्या कथलाची लागते हे पाहावे. भांडे तापवून नवसागर टाकल्यावर कल्हईवाला जी सळई फिरवतो, ती शुद्ध कथलाची आहे की झाळण्याच्या मिश्रणाची, हे त्याला सरळ विचारावे. सळई हाती घेऊन वाकवावी; कथील चोख असेल तर ती करकरते, शिसे पुष्कळ मिसळले असेल तर तो आवाज मंदावतो. चोख कथलासाठी त्याने चार पैसे अधिक मागितले तर घासाघीस करू नये. कारण शिशाचा मोह कारागिराला होतो याचे एक कारण गिऱ्हाइकाची घासाघीस हेच आहे.

दुसरी गोष्ट जुन्या प्यूटरची. जुन्या बाजारातून, परदेशातून किंवा वारशाने आलेले भांडे असेल आणि त्याच्या धातूची माहिती नसेल, तर ते शोभेला ठेवावे, खाण्यापिण्याला वापरू नये. त्याची कड पांढऱ्या कागदावर घासली असता पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली, तर शिसे पुष्कळ आहे असे समजावे. भांडे भरीव आणि एकाच धातूचे असेल तर ते कोरडे तोलावे, मग दोऱ्याने टांगून पाण्यात पूर्ण बुडवून तोलावे. कोरडे वजन ३६५ ग्रॅम आणि पाण्यात ३१५ ग्रॅम भरले, तर घट ५० ग्रॅम. ३६५ ला ५० ने भागले की ७.३ येतात, हा कथलाचा अंक. आठच्या आसपास अंक आला तर भांडे लगेच बाजूस करावे. मात्र या परीक्षेवर सर्वस्वी विसंबू नये. शेकडा दोन भागच शिसे असेल तर अंक ७.३५ येतो, आणि घरच्या तराजूला तो फरक कळत नाही. निश्चित निर्णय प्रयोगशाळेचाच.

तिसरी गोष्ट नव्या प्यूटरची. युरोपातील दंडकाप्रमाणे आज प्यूटरमध्ये शेकडा पाव भागाहून अधिक शिसे चालत नाही, आणि नामांकित कारखाने शिसे मुळीच घालीत नाहीत. असे भांडे खुशाल वापरावे. तरीही ते विस्तवावर किंवा तापल्या ओट्यावर ठेवू नये. लोणचे, लिंबाचा रस, सार असे पदार्थ त्यात साठवू नयेत. कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ फडके एवढे धुण्याला पुरे. राख, चिंच किंवा घासणी लावू नये. पितळेला जे मानवते ते कथलाला मानवत नाही. चहापत्ती ठेवावयास मात्र हा डबा उत्तम; त्याला स्वतःचा वास नाही आणि झाकण घट्ट बसते, म्हणूनच चीनमध्ये चहासाठी कथलाचे डबे पूर्वापार पसंत केले गेले.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी. भांडे विकत घेताना आपण त्याची झळाळी पाहतो, घाट पाहतो, नक्षी पाहतो. तळ सहसा पाहत नाही. लंडनच्या त्या श्रेणीने पाच शतकांपूर्वी कारागिराला आपली खूण ठोकावयास लावले, ती तळाशी किंवा मागल्या अंगाला, जेथे शोभेला बाध येत नाही. खूण ठोकणारा मनुष्य आपल्या कामाला पुढे उत्तर देण्याची तयारी ठेवतो. ज्या वस्तूवर कर्त्याचे नाव नाही, धातूचा खुलासा नाही आणि विचारले असता विक्रेता नुसता 'चांगल्यातली आहे' म्हणतो, ती कितीही रुपेरी दिसो, मुलांच्या हाती देऊ नये. तेव्हा दुकानात पुढच्या खेपेस कोणी प्यूटरचा पेला समोर ठेवला, तर प्रथम तो उपडा करून पाहावा, आणि मगच भावाचे बोलणे काढावे.